यादीत उरलेलं एक नाव

हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे कोणी फोन उचलत नाही, हे शिकागोहून आलेल्या जनेलला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं, तिने ऐकलं नव्हतं. पंधरा नोव्हेंबरला शाळांनासुद्धा सुट्टी असते. गावंच्या गावं नारिंगी जाकिटं घालून रानात बसतात. आणि नेमक्या त्याच शुक्रवारी दुपारी बाराच्या आत दोन रुग्णालयांच्या डिरेक्टऱ्या जोडून देते, असं आमच्या ह्या साहेबबाई संचालक मंडळाला लिहून देऊन बसल्या होत्या.

आमचं रुग्णालय ग्रॅनाइट हार्बरला, सरोवराच्या काठावर. त्याने नव्वद मैलांवरच्या आयर्न फॉल्सचं धाकटं रुग्णालय ताब्यात घेतलं. दोघांची माणसांची यादी, म्हणजे डिरेक्टरी, वेगळी. ह्या यादीवरच सगळं चालतं: कोणाच्या कार्डाने कोणतं दार उघडायचं, औषधांचं कपाट कोणाला उघडू द्यायचं, फोन केला की कोणाकडे वाजायचा. आमचं काम होतं संगणकावर दोन्हींची जोडणी लावायचं. ती एकदा सुरू झाली की दर अर्ध्या तासाला कर्मचाऱ्यांच्या नोंदी बघते आणि डिरेक्टरी त्याबरहुकूम करते. नवा माणूस आला, नाव घातलं. आडनाव बदललं, इथेही बदललं. आणि नोंदीत जो सापडत नाही, त्याचं नाव पुसून टाकते. कोणाला विचारत नाही.

ह्या पुसण्याला एक मर्यादा ठेवता येते. आर्लीनबाईंनी ती पंचवीस ठेवली होती. एका फेरीत पंचवीसच्या वर नावं जाणार असतील, तर जोडणी जागीच थांबते आणि माणसाची वाट बघते.

आर्लीन हेइकिनेन म्हणजे आमच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या. त्रेसष्ट वर्षांच्या, एकतीस वर्षं ह्याच कामात, बाराही महिने तोच राखाडी स्वेटर. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं आहे आणि त्यांच्यामुळे माझ्या डोक्यावर किती मिरे वाटले गेलेत ते मलाच ठाऊक. पण काम बघावं तर त्यांचंच.

सोमवारच्या चाचणी फेरीत जोडणीने एक्केचाळीस नावं पुसायला काढली आणि थांबली. ट्रेव्हर नावाचा सल्लागार होता. उंटावरून शेळ्या हाकणारा. चारशे मैलांवरून पडद्यावरच दिसायचा. तो म्हणाला, "मर्यादा शंभर करून टाका ना. ह्यातल्या बहुतेकांनी तीन-तीन वर्षांत लॉगिनसुद्धा केलेलं नाही. मेलेली खाती आहेत ती."

"मेलेली आहेत की नाही, ते बघूनच ठरवू," आर्लीनबाई म्हणाल्या आणि खिशातून वही काढली.

मंगळवारी त्या जेवायला गेल्या तेव्हा मी गुपचूप मर्यादा शंभर केली. खरं सांगते, मला वैताग आला होता. त्या परत आल्या, पडद्याकडे बघितलं, परत पंचवीस केली आणि पिशवीतून गरम पास्टी, भाजलेल्या मोठ्या करंजीसारखी, काढून माझ्या टेबलावर ठेवली. गोमांस, बटाटे, भरपूर रुटाबागाचा कंद, त्यांच्या हातची. लाजेने मी ती तासभर तशीच ठेवली. शेवटी खाल्ली.

मग तीन दिवस त्यांनी एकेक नाव घेतलं. फोनवर त्या विचारायच्या, "पॉलिन वेर्ट्झ कुठे असते हो?" पॉलिनचं लग्न झालं होतं, आता ती पॉलिन केम्पा होती आणि रोज कामाला येत होती, त्यांनी दोन्ही नोंदींचा ताळा जुळवून दिला. एक डॉक्टर जुलैत वारले होते, पण त्यांच्या नावावर येणारे तपासण्यांचे निकाल अजून त्यांच्या परिचारिकेकडे जात होते. आधी त्या निकालांची वाट बदलली, मग डॉक्टरांचं नाव स्वतःच्या हाताने बंद केलं. गुरुवारी संध्याकाळी चाळीस नावांपुढे खूण झाली होती. एकच उरलं. आर. निएमी. हुद्दा कोरा, विभाग कोरा, लॉगिन कधीच नाही.

"एकच तर आहे," मी म्हणाले. "आता मर्यादाही आड येत नाही. सोडा ना बाई."

"माझे वडील खाणीत बिल्ल्यांच्या फळीवर होते," त्या म्हणाल्या. "खाली जाणारा माणूस आपला पितळी बिल्ला फळीला टांगायचा, वर आला की काढून न्यायचा. पाळी संपल्यावर एक बिल्ला लटकत राहिला, तर बाबा माणसं वरखाली नेणारा पाळणा बंद करू द्यायचे नाहीत. मुकादम शिव्या घालायचा. निम्म्या वेळा माणूस बिल्ला विसरून घरी जेवायला बसलेला असायचा."

"मग?"

"मग काय? बाबा त्याच्या घरी जायचे. त्याला ताटावर बघायचे, आणि मग बंद करायचे."

शुक्रवारी सकाळी आयर्न फॉल्सला सात फोन केले. कोणी उचलला नाही. तिथली कर्मचाऱ्यांचं बघणारी बाई झाडावर मचाण बांधून बसली असणार. आठ वाजता आर्लीनबाईंनी गाडीची किल्ली उचलली.

"नव्वद मैल? एका नावासाठी? आणि बाहेर बर्फ पडतंय ते?"

"म्हणूनच आत्ता निघते. मी फोन केल्याशिवाय सुरू करू नकोस, ट्रिश."

त्या वाटेवर मोबाइल लागत नाही. त्या गेल्या आणि मी त्या जोडणीसमोर एकटी बसले.

साडेअकराला जनेल आली. ट्रेव्हर पडद्यावर होताच.

"सुरू का नाही झालं अजून?"

"आर्लीनबाईंचा फोन यायचाय."

"आर्लीन कुठे आहेत?"

"आयर्न फॉल्सच्या वाटेवर. एका माणसाला शोधायला गेल्यात."

जनेलने डोळे मिटून घेतले. ती वाईट नाही. पण वर्षभरापूर्वी आलेली, मंडळाला शब्द दिलेला, आणि तो मोडला तर हे सगळं खातं ट्रेव्हरच्या कंपनीकडे जाणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तसं झालं असतं तर आर्लीनबाईंना वसंतात निवृत्त व्हायचंच होतं. बाहेर पडले असते मी.

"ट्रिश, तुझ्याकडे अधिकार आहेत ना? मग तू सुरू कर."

"नाही करणार."

"एका खात्यासाठी? ज्याने आयुष्यात कधी लॉगिन केलं नाही?"

ट्रेव्हर हसून म्हणाला, "गेलं तर परत घालता येईल हो. आकाश नाही कोसळत."

मंगळवारी मर्यादा वाढवताना मीही मनात हेच म्हणत होते. त्याच्या तोंडून ऐकताना मला माझीच लाज वाटली आणि मग भयंकर राग आला.

"तो कोण आहे सांगा," मी म्हणाले. "दोघांपैकी कोणीही सांगा आणि मी बटण दाबते. तो काय करतो, कुठे बसतो, त्याच्या नावाला काय काय बांधलेलं आहे. सांगा ना!"

ट्रेव्हर खाली मान घालून काहीतरी शोधायला लागला. घड्याळात बारा वाजले. जनेल खुर्ची ओढून माझ्या मागे बसली. मला वाटलं, आता ही माझ्या जागी दुसऱ्या कोणाला बोलावणार. ती नुसती बसून राहिली. चुकूनही बटण दाबलं जाऊ नये म्हणून मी हात मांडीखाली घेतले.

बारा वाजून चौदा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

"सापडला," आर्लीनबाई ओरडल्या. मागे कसलीतरी मोठी घरघर चालू होती. "रेइनो निएमी. बॉयलरवर आहे. ही बॉयलरची इमारत खाणीने बांधून गावपंचायतीला दिलेली, म्हणून इथली माणसं गावपंचायतीच्या नोंदीत आहेत, रुग्णालयाच्या नाहीत. तळघरात एकटाच असतो. फोनची घंटी ह्या आवाजात ऐकू येत नाही."

"मग लॉगिन कधीच का नाही?"

"त्याला संगणकच नाही. पण ट्रिश, ऐक. त्याच्या पट्ट्याला एक बटण आहे. एकट्याने काम करणाऱ्यांना देतात ते. दाबलं, किंवा तो वीस मिनिटं हललाच नाही, तर यंत्रणा डिरेक्टरीत त्याचं नाव शोधते आणि कोणाला धावत पाठवायचं ते तिथून वाचते. नाव नसेल तर..."

मागे जनेलने "अरे देवा" म्हटलेलं मला ऐकू आलं.

आर्लीनबाईंनी त्याचा पंचायतीचा क्रमांक सांगितला. मी तो त्याच्या नावापुढे घातला, त्याला न पुसण्याच्या यादीत टाकलं, चाचणी फेरी लावली. पुसायची नावं: शून्य. मग खरी जोडणी सुरू केली. तीन हजारांवर नावं पडद्यावरून सरकली. शेवटी हिरवी ओळ आली.

"झालं, बाई."

"थांब. झालं नाही अजून." फोन कोणाच्यातरी हातात गेला.

"हॅलो?" म्हातारा, जाडाभरडा आवाज. "ही तुमची बाई म्हणते बटण दाबा. चौदा वर्षं पट्ट्याला आहे, दाबायची वेळ आली नाही कधी. सगळं गाव रानात आणि मी इथे कोळशाच्या खोलीत, त्यात हे. चालतं तरी का ते?"

"दाबा ना, काका," मी म्हणाले.

दोन सेकंद काही झालं नाही. मग माझ्या पडद्यावर लाल चौकट उघडली. रेइनो निएमी. बॉयलर, तळघर, पूर्वेचं दार. खाली ज्या दोघांना धावायला सांगितलं होतं त्यांची नावं. नव्वद मैलांवर कोणीतरी दोघं त्या क्षणी उठून जिन्याकडे पळत असणार.

"चालतं," मी म्हणाले. "चालतं हो, काका." आणि मी रडले. जनेलसमोर, ट्रेव्हरसमोर.

तिकडे दार धाडकन उघडल्याचा आवाज आला. कोणीतरी दमून विचारत होतं, "रेइनो! काय झालं रे?" आणि म्हातारा म्हणाला, "काही नाही. माझं नाव आहे का ते बघत होतो."

जनेलने मंडळाला काय कळवलं ते मला माहीत नाही. ती फोन घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. पण खातं आमच्याकडेच राहिलं.

मार्चच्या अखेरीस आर्लीनबाई निवृत्त झाल्या. वही मला दिली. सोमवारी त्यांच्या खुर्चीत बसले आणि पहिलं काम केलं ते त्या मर्यादेचं. पंचवीस पुसून तिथे शून्य लिहिलं. आता एकसुद्धा नाव जायचं असलं तरी जोडणी थांबते. आठवड्यातून दोनदा थांबते, माझ्या नावाने सगळे बोटं मोडतात, आणि मी फोन उचलून विचारते, "हा माणूस कुठे असतो हो?"