रेवाकाठी टाकलेली बॅटरी

मित्रांनो, फिजीतल्या नावसोरी गावात, एका गॅरेजमागे चाकांविना पडलेली मी एक जुनी हायब्रिड टॅक्सी आहे. जपानमध्ये वापरून झाल्यावर जहाजाने मी इकडे आले आणि राजनेशने मला विकत घेतलं. बाजारातल्या बायका, त्यांच्या तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, जुड्या, ओले मासे, सगळं मी वाहिलं. "थेंबभर पेट्रोलवर पळते," असं तो सगळ्यांना सांगे, आणि मी फुगून जाई.

मग माझी बॅटरी गेली. नवी फार महाग होती. राजनेशचा मेहुणा भीमसेन म्हणाला, "हे खेळणं किती दिवस ढकलणार, भावोजी? माझ्या पिकअपसारखी दणकट गाडी घ्या. लोक आपणहून बाजूला होतात."

राजनेशने ऐकलं. मला इथे आणून दोघांनी माझी बॅटरी उचकटली आणि मागे रेवा नदीच्या काठावर, गवतात टाकून दिली. तिथेच गावातली सेरेआना रोज बुडी मारून शिंपले काढायची.

काही दिवसांनी राजनेश नव्या पिकअपचं धूड घेऊन गॅरेजमागे आला. मागचा हौदा रिकामा आणि आत एकटा माणूस. सेरेआना पुढ्यात वाकून टोपली बांधत होती. त्या उंच तोंडापलीकडे ती त्याला दिसलीच नाही. टोपली चिरडली, तिचं पाऊलही.

"दिसलं नाही, मावशी," राजनेश खाली उडी टाकत म्हणाला.

"पुढचं दिसत नाही अशी गाडी घेतलीस कशाला?"

"वाटेत बसायचंच कशाला?" गॅरेजातून धावत आलेला भीमसेन पुटपुटला. मला त्याची शिसारी आली.

कण्हत सेरेआनाने गवताकडे बोट केलं. "आणि ते तुमचंच ना? पेट्रोल तुमचं वाचलं, घाण माझ्या पाण्यात."

माझं सगळं कौतुक तेव्हा मला ओकून टाकावंसं वाटलं.

राजनेशने तिला दवाखान्यात नेलं. बॅटरी उचलून, जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्यांकडे पोचवली. सेरेआनाचं पाऊल जुळलं, पण बुडी कायमची सुटली. भीमसेनने मात्र आणखी मोठी गाडी घेतली.

मित्रांनो, गाडीचा खर्च पंपावर मोजून मोकळे होऊ नका. मेलेली बॅटरी कुठे जाणार, ते आधी विचारा. आणि मोठी गाडी घ्यायचीच असेल, तर ती बंद असताना कुणाला तरी पुढ्यात वाकायला सांगा आणि चालकाच्या जागेवरून बघा. माणूस दिसला नाही, तर किल्ली परत द्या.