न सांगता उठलेल्या माणसाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. आल्यागेल्याला 'बसा' म्हणणं हा माझा जन्माचा धंदा. पण आज तुम्ही जरा उभ्यानंच ऐका. का, ते पुढे कळेल.

लोखंडी पाय, खाली चाकं, वर फोमची गादी, असा माझा साधा घाट. फोमचं एक बरं असतं. माणूस बसला की दबायचं, उठला की फुगून होतं तसं व्हायचं. कुणाचं काही धरून ठेवायचं नाही. बाजारात टिकायचं तर हा गुण हवाच.

माझी पहिली कंपनी बुडाली आणि मी जुन्या फर्निचरच्या दुकानात येऊन पडले. तिथला शेठ बोलायला गोड, पण व्यवहाराला पक्का. गिऱ्हाईक नसलं की तो एकेका गादीवर तळहात ठेवून बघायचा. एखादी खुर्ची बाजूला सारून म्हणायचा, "ही विकायची नाही. हिच्यावरचा अजून उठलेला नाही." दुकानातले हमाल हसायचे. मीही हसले होते. माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ही मोकळी आहे. द्या पाठवून."

अशी मी या हापिसात आले. निवृत्त माणसांचं पेन्शन वाटणारी ही खाजगी कंपनी. आपण जिवंत आहोत असा दाखला म्हाताऱ्यांनी दरवर्षी पाठवायचा. तो अडकला की महिनाअखेरीला संगणक आपल्या मनानं त्यांना मृत ठरवतो आणि पेन्शन बंद.

माझ्यावर बसायला आले ते काका. अंगानं दणकट, तोंडानं मिठ्ठास. अख्खा विभाग त्यांना काकाच म्हणायचा. महिनाअखेर जवळ आली की ते दाखला अडकलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून फोन लावायचे.

"आजी, आहात ना?"

"आहे रे बाबा! मला कोण नेतंय!"

"मग दाबतो 'हयात'."

हे नियमात बसत नव्हतं, म्हणून काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. समजावत बसण्यापेक्षा आपणच करून टाकणं सोपं, ही हुशार माणसांची खोड.

विभागात एक रीत होती. कुणी नोटीस दिली की त्या दिवसापासून खुर्ची नव्या माणसाची. जाणारा शेजारी स्टुलावर बसून काम शिकवायचा, आणि निघताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आता तुझी." लोक थट्टेनं म्हणायचे. पण मी सांगते, तेवढं म्हटल्यावर शेजारच्या खुर्च्यांची गादी कशी हलकी व्हायची!

काकांचं साहेबाशी वाजलं. बढती साहेबाच्या भाच्याला मिळाली. शेजारच्या टेबलावरच्या ताईला काका म्हणाले, "नोटीस कसली द्यायची? यांनी कधी मला सांगून काही केलंय?" मग डबा धुऊन ठेवला, "पाणी पिऊन येतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच.

माझी गादी वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी हापिस भरायच्या वेळी मी हळूच आणखी खाली दबले. माझ्यावर कोणी नव्हतं. काका तर जिवंत होते, दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीवर होते, ताईच सांगायची. मेलेल्याचं भूत परवडलं. त्याला निदान नारळ देता येतो. जिवंत माणसाच्या ओझ्याला काय द्यायचं?

महिना संपला आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. "अहो, मी मेलो नाहीये." "बाळा, जरा बघ ना, मी आहे."

काकांच्या जागी आली ती नवी. कामाला चटपटीत, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी दचकून उठली.

"ताई, ही खुर्ची गरम आहे हो. कुणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतंय."

"पोक्त का तरणा?"

"पोक्त!"

"मग बस निवांत," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

फोन घेता घेता नवीला काकांची युक्ती उमगली. एक आजी तिला म्हणाली, "ते काका गेले आणि आम्हीच गेलो बघ. अजून फोन करतात मात्र. याच नंबरावरून."

"काय म्हणतात?"

"आजी, आहात ना? मी म्हणते, आहे. ते पुन्हा विचारतात, आहात ना? पुढे काही बोलतच नाहीत ग."

नवीनं संगणकात पाहिलं. आजी मृत होती. तिनं 'हयात' दाबलं. त्या महिन्यापासून तीही फोन करू लागली. आणि तीही कुणाला बोलली नाही.

मग तिला आईच्या गावातली नोकरी चालून आली. आई न्हाणीत पडली होती, घरात एकटी. पण तिकडची जागा लगेच भरायची होती. ताईनं समजावलं, "नोटीस दिलीस की महिनाभर अडकलीस. तिकडे कोण थांबतंय? काकांसारखी सूट." धाकट्या भावाचा फोन आला. तो एवढा ओरडत होता की मलाही ऐकू आलं. "अक्का, आई सरपटत येऊन दार उघडते! आणि तू कंपनीची भीड धरून बसलीयेस?"

नवीनं पिशवी उचलली. "आलेच पाणी पिऊन," म्हणाली. दोन पावलं गेली आणि तिनं वळून पाहिलं.

गादीत काकांचा खळगा होताच. त्याच्या आत दुसरा होता, लहान, तिच्या मापाचा. तो वर येत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला, आणि तिच्या देखत मोठा खळगा पुढच्या काठाला खोल गेला. माणूस फोनसाठी पुढे वाकतो, तसा.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि ती साहेबाच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"नोटीस?" साहेब हसला. "आजकाल कोण देतं? उद्यापासून आली नसतीस तरी मी काय करणार होतो?"

"तुमच्यासाठी देत नाहीये, साहेब." मग तिनं त्याला महिनाअखेरीचं सगळं सांगितलं. साहेबाचं हसू मावळलं.

तिकडची जागा दुसऱ्याला गेली. भाऊ बोलेनासा झाला. महिनाभर शेजारीण आईकडे बघत होती. नवी रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावायची आणि फोन ठेवल्यावर डबा तसाच बंद करायची. पण स्टुलावर बसून तिनं नव्या मुलाला सगळं शिकवलं, ताईलाही शिकवलं. शेवटच्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता तुझी." लहान खळगा सुस्कारा टाकून वर आला.

मग ती वाकून अगदी हळू म्हणाली, "काका, सगळ्यांना येतं आता. उठा तुम्ही."

काका उठले नाहीत. ज्याचं त्यानंच उठावं लागतं.

नवी आईजवळ आहे, अजून नोकरी शोधतेय. सौदा फायद्याचा की तोट्याचा, मला ठरवता येत नाही. तिची जागा मोकळी आहे, एवढं मी सांगू शकते. नवा मुलगा माझ्या काठावर बसतो. मागे टेकत नाही.

म्हणून म्हणते, कंपनीनं तुमचं काय भलं केलं ते सोडा. तुमच्या भरवशावर जो बसलाय, त्याला सांगून निघा. आणि कुठून असेच उठून गेला असाल, तर एक फोन करून काय राहिलंय ते सांगा. लाज वाटत असेल तर निदान आज घरी जेवायला बसाल तेव्हा आपल्या माणसांच्या तोंडाकडे नीट बघा. तुम्ही तर अजून इथे, सोडून गेलेल्या खुर्चीतच बसलेले आहात. मग तिथे पाटावर कोण बसलंय, हा प्रश्न त्यांना पडायला लागला असेल.