मामांच्या खुर्चीचा कोपरा

मामांच्या क्लबात पूल खेळायचं टेबल एकच होतं आणि नियमही एकच. टेबलाला नावं ठेवणाऱ्याने टेबल झाडायचं. बॉल हुकला आणि कुणाच्या तोंडून "कापड ओलं आहे" असं काही निसटलं, की मामा बसल्या जागेवरून भिंतीवरच्या ब्रशकडे बोट दाखवत. "नाचता येईना अंगण वाकडं," एवढं म्हणून ते पुन्हा चहाकडे वळत. त्यांची लोखंडी खुर्ची टेबलाच्या दूरच्या डाव्या कोपऱ्याला लागून असे, आणि मामा त्या खुर्चीला पुरून उरतील असे भरभक्कम होते.

त्यांची भाची या नियमातच वाढली. लहानपणी बॉलला बोटाने टिचक्या मारत बसायची म्हणून मामा तिला टिचकी म्हणू लागले, आणि ती व्यावसायिक स्पर्धांत उतरली तेव्हा फलकावरही तेच नाव लागलं. दणकून मारणं तिला कधी आवडलं नाही. हळू आलेल्या बॉलला पॉकेट, म्हणजे टेबलाच्या कडेचं भोक, जरा मोठं होतं, कडेला घासला तरी तो आत घरंगळतो, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

तर ही टिचकी बाहेरच्या टेबलांवर हरत होती. आणखी एक सामना गेला तर व्यावसायिक यादीतून तिचं नाव निघणार होतं, आणि मग वर्षभर पात्रता फेऱ्यांत नवख्यांबरोबर धक्के खायचे. गंमत अशी, की हुकायचा तो एकच फटका. डाव्या लांब कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाच्या, कडेकडेने दूरच्या कोपऱ्यात हळूच सोडलेला बॉल. घरी, म्हणजे मामांच्या क्लबात, तो निमूटपणे आत जायचा. बाहेर केसभर उजवीकडे राहायचा.

रडत बसण्यापेक्षा खोदत बसणं हा तिचा स्वभाव. तिने क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, चामड्याचं टोक बदललं, त्याला लावायचा खडू बदलला, बॉल साबणाने धुऊन काढले. या उद्योगात तिला बरंच नवल सापडलं. नव्या कापडावर बॉल आधी घसरतो आणि मग लोळायला लागतो. हवा दमट असली की तेच कापड जड होतं आणि बॉल वाटेतच दम टाकतो. मळके बॉल आपटताना क्षणभर एकमेकांना धरून ठेवतात आणि पाडायचा बॉल भलतीकडे जातो. हे सगळं खरं, पण ते दिवसागणिक बदलणारं. तिचा बॉल मात्र नेहमी उजवीकडेच राहायचा.

"मामा, आपलं टेबल तर कललेलं नसेल?" तिने एकदा भीतभीतच विचारलं.

मामांनी ब्रशकडे बोट दाखवलं. तिने टेबल झाडून काढल्यावर मात्र ते उठले, गवंड्याची पाणसळ घेऊन आले आणि टेबलावर चारी बाजूंनी ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध. "बघ. माझ्या हाताने बसवलंय मी हे. दगडी पाटी आहे त्याच्यात, गंमत नाही."

सामना चार दिवसांवर आला तेव्हा मामा दात काढून घ्यायला गेले होते. टिचकी एकटीच सराव करत होती, आणि तो बॉल हुकला. घरच्या टेबलावर, केसभर उजवीकडे. तिने पुन्हा मारला, पुन्हा हुकला. बाहेरची साथ आता घरातही शिरली, असं तिला वाटलं.

तेवढ्यात गालात कापूस धरून मामा आले, धपकन खुर्चीत बसले आणि खुणेनेच म्हणाले, खेळ. तिने मारला. बॉल आत गेला.

टिचकी क्यू हातात धरून कितीतरी वेळ फरशीकडे बघत राहिली. फरशी कुठली, लाकडी फळ्याच त्या. मग तिने एक बॉल टेबलावर अलगद ठेवला.

"मामा, जरा ऊठ."

मामा उठले. बॉल जागचा हलला नाही.

"आता बस."

मामा बसले. फळी कुरकुरली आणि बॉल विचार केल्यासारखा थांबून हळूहळू मामांच्या दिशेने निघाला. दोघांनी हा खेळ पुन्हा पुन्हा करून पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून टिचकी पोट धरून हसली. पाणसळ आणायला मामा उठत होते, मग बुडबुडा मधोमध राहणार नाही तर काय. इतकी वर्षं ती मामांच्या वजनाएवढं उजवीकडे मारत आली होती आणि हाताने ते डोक्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मामा हसले नाहीत. "म्हणजे तुझा खेळ मीच वाकडा केला," ते कापसातून म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं होतं.

टेबलाला दोष दिला होता, म्हणून टिचकी सवयीने ब्रशकडे गेली. मामांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः टेबल झाडलं, अगदी कोपऱ्यांपर्यंत. मग खुर्ची उचलून ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले आणि सामन्याच्या दिवसापर्यंत आत आले नाहीत. सामन्यालाही आले नाहीत. "मी आलो की काहीतरी कलतं," म्हणाले.

सामना बिजलीशी होता. तिच्या पहिल्याच फटक्याने बॉल फुटतात की काय असं वाटायचं, म्हणून ती बिजली. टेबल प्रेक्षकांना दिसावं म्हणून लाकडी मंचावर ठेवलं होतं. टिचकीने चार दिवसांत सरळ मारायला शिकवलेला हात चांगला चालला. दोघींची बरोबरी झाली आणि शेवटच्या डावात पाडायला फक्त नऊ नंबरचा बॉल उरला. तो पाडेल ती जिंकणार होती.

पाळी बिजलीची. मारायचा पांढरा आणि पाडायचा नऊ नंबर, दोन्ही बॉल डाव्या कुशनच्या अंगाला. एरवी दणका देणारी बिजली घाबरून हळू खेळली. नऊ नंबर पॉकेटजवळ डावीकडे झुकला, कुशनला लागला आणि अलीकडेच येऊन थांबला. बिजलीने क्यूच्या टोकाकडे रागाने पाहिलं.

टिचकीने तिच्या क्यूकडे पाहिलं नाही. तिने दूरच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. शेवटचा बॉल जवळून टिपायला धिप्पाड कॅमेरावाला यंत्र खांद्यावर घेऊन तिथे गुडघे टेकून बसला होता. पंचांना सांगून त्याला उठवता आलं असतं. पण तिला एकाएकी मामांची इतकी आठवण आली, की तिने तोंड उघडलं नाही. कॅमेरावाला असेल एक मामा. यंत्र धरून सव्वा.

तिने नवा हात बाजूला ठेवला आणि जुना काढला. सव्वा मामा उजवीकडे धरून बॉल हळूच सोडला. नऊ नंबर आधी चुकल्यासारखा चालला, मग वळला आणि पॉकेटात पडला.

टाळ्या ओसरल्यावर तिने मामांना फोन लावला.

"काय झालं?" मामांचा आवाज कसाबसा आला.

"जिंकले. पण मामा, टेबल वाकडं होतं."

पलीकडे मामांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मग झाड," मामा म्हणाले.

पंच कागदपत्रं आवरत होते. त्यांच्या देखत विजेतीने कोटाची बाही वर केली, ब्रश मागून घेतला आणि टेबल झाडायला लागली, दूरच्या डाव्या कोपऱ्यापासून.