साखर म्हणजे विष

आप्पांच्या खिशात पत्र्याची एक डबी असायची आणि डबीत साखरेचे चौकोनी खडे. जिन्यात आधी डबी ऐकू यायची, मग आप्पा दिसायचे. घरात त्यांना 'खुळखुळा' म्हणत, अर्थात पाठीमागे. ही सवय लावली थोरल्या लेकीनं. ती नर्स. आप्पांचं इन्सुलिन सुरू झालं तेव्हाच तिनं बजावलं होतं, "घाम फुटला, हात थरथरले, की शुगर उतरली समजायचं. आधी खडे तोंडात, मग मला हाक." आप्पा एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत, पण लेकीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पुढे थोरलीनं नोकरी सांभाळून आरोग्य संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यास सुरू केला. आप्पांना कोण आनंद! न्हाव्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. "माणूस पडला की सगळेच धावतात. माझी लेक तो पडायच्या आधी धावायला शिकतेय."

वर्गातल्या मॅडमचा हात मात्र कौतुकाच्या बाबतीत भलताच आखडता. त्या एकच गोष्ट घोकून घ्यायच्या. "संदेश छापण्याआधी तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका. 'हे वाचून उद्या काय कराल?' असं विचारा. आणि घरच्यांना तर विचारूच नका, ते टाळ्याच वाजवतात."

थोरलीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? तिला वाटायचं, इतकी वर्षं रुग्णांत काढली, आता लोकांना काय कळतं ते मला कुणी शिकवायचं का? प्रकल्पासाठी तिनं आपल्या आरोग्य केंद्राकरता पोस्टर केलं. साखरेचं भांडं, त्यावर कवटी, खाली ठसठशीत अक्षरं: 'साखर म्हणजे विष. आजच फेकून द्या!' आणि दाखवलं कुणाला, तर आप्पांना.

"कसं वाटलं?"

"झकास! अंगावर काटा आला बघ."

झाली चाचणी. केंद्राच्या प्रमुखांना तर पोस्टर इतकं आवडलं, की त्यांनी ते सगळ्या शाखांमध्ये लावून टाकलं. थोरलीला स्वर्ग दोन बोटं उरला.

सादरीकरणाच्या दिवशी पोस्टर पडद्यावर झळकलं. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "हे तपासलंत कुणावर?"

तेवढ्यात टेबलावर थोरलीचा फोन थरथरला. धाकटी बहीण होती.

"ताई, आप्पा जिन्यात पडलेत! घामानं चिंब झालेत, हाक मारली तर नुसतं बघतात."

"शुगर उतरली असेल. गिळता येतंय का? येत असेल तरच खिशातला खडा दे. नाहीतर तोंडात काही घालू नकोस. रुग्णवाहिका बोलाव आधी!"

पलीकडे कापड चाचपल्याचा आवाज आला. मग धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "खिशात डबी नाहीये, ताई. घरातही साखरेचा कण नाही. आप्पांनी सगळी ओतून दिली ना."

थोरलीच्या मागे पडद्यावर पोस्टरातली कवटी हसत होती. मॅडमना उत्तर न देताच ती धावत सुटली.

रुग्णालयात आप्पांच्या शिरेतून ग्लुकोज चाललं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि लेकीला बघून ओशाळं हसले.

"आप्पा, डबी कुठंय?"

"टाकली. तूच लिहिलंस ना, विष म्हणून?" ते अगदी शहाण्या मुलासारखं म्हणाले. "हात थरथरायला लागले, तेव्हा मोह झाला होता गं. शेजारीण साखर देत होती. पण म्हटलं, नाही. लेकीचा शब्द मोडायचा नाही."

किती दिवस जिन्यात खुळखुळ नव्हती, आणि तिच्या कानाला ते जाणवलंही नव्हतं. आप्पा वाचले होते. पण खिशात खडे ठेवणारा म्हातारा जगात एकटा तिचाच होता का? हे मनात आलं मात्र, बाहेर पळत जाऊन तिनं केंद्रात फोन लावला.

"ती पोस्टरं काढा. सगळी. आत्ता!"

"काढू?" खिडकीवरची बाई हसायलाच लागली. "अहो ताई, लोक किती मनावर घेताहेत! मघाशी इन्सुलिन न्यायला एक आजोबा आले होते. पोस्टर वाचलं आणि खिशातली साखरेची पुडी काढून सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकली. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"कोण आजोबा? कुठं आहेत ते?"

"नाव कुठलं माहीत असायला? गेले की केव्हाच. एकटेच होते."