खडीमाळाची वही

मी एक वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, दोनशे पानांची. आधीच सांगते, माझ्या आवाजात गोडवा शोधू नका. मी संतापलेली आहे, आणि का ते ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म भोसरीतल्या एका छापखान्यात झाला. चाकणच्या एका कारखान्यानं माझ्यासारख्या शंभर वह्या मागवल्या होत्या. पानापानावर रकाने छापलेले: दिनांक, वेळ, वस्तूचं नाव, नग, दोष, तपासणाऱ्याची सही. तिथं आम्हाला रजिस्टर म्हणत. पण आम्ही पोचेपर्यंत कारखान्यात टॅब आले आणि नोंदी बोटानं व्हायला लागल्या. आमचे गठ्ठे स्टोअरच्या कोपऱ्यात वर्षभर पडले, आणि एका शनिवारी भंगारच्या गाडीकडे निघाले.

गेटजवळ वर्षालीनं मला गठ्ठ्यावरून उचललं.

"सर, ही एक घेऊ का?"

"घे की. भंगारच आहे," सुपरवायझर म्हणाला.

वर्षाली मूळची जिंतूरकडची. लग्न होऊन मोशीला आली, नवरा दिग्विजय रावेतला एका गॅरेजात कामाला. ती कारखान्यात क्वालिटीत होती, कंत्राटी. ब्रेकचे सुटे भाग तिच्यासमोरून सरकत जायचे आणि त्यांच्यावर केसाएवढी चीर असली तरी तिला दिसायची. कंत्राटी बायकांना कंपनीच्या बसमध्ये जागा मिळेलच याचा भरवसा नसे. म्हणून तिनं एक जुनी लेडीज सायकल घेतली. हायवेवर ट्रेलर अंगावर येत. त्यामुळे इंद्रायणीचा पूल ओलांडला की ती आतल्या कच्च्या रस्त्याला वळायची. तो रस्ता खडीमाळावरून जायचा.

खडीमाळ म्हणजे मुरूम, खुरटं गवत, तरवडाची झुडपं आणि वर मोकळं आभाळ. लोक त्याला पडीक म्हणत. मी त्या माळावर तीन वर्षं गेले, वर्षालीच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून.

पहिली नोंद मला पाठ आहे. सकाळची सहा-वीसची वेळ. रस्त्याकडेला खड्यांत एक पक्षी बसलेला, सायकल जवळ आली तरी हलेना. वर्षाली उतरली तसा तो ओरडत उठला. तो बसला होता तिथं खडेच खडे. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. हिला चार अंडी दिसली. तिनं मला पिशवीतून काढलं आणि सीटवर ठेवून लिहिलं. वस्तूचं नाव: टिटवी. नग: एक, अंडी चार. दोष: नाही. खाली सही.

"नुसती टिटवी नगं लिहू," मागून आवाज आला. तिथं शेळ्या चारणाऱ्या तानुबाई होत्या, शेजारच्या वाडीतल्या, सत्तरीच्या पुढच्या. "ती पाण्याकडची येगळी. ही माळाची हाय. तोंडाशी पिवळं लोंबतंय बघ."

वर्षालीनं बघितलं, खोडलं आणि 'माळटिटवी' लिहिलं. त्या दिवसापासून तानुबाई सांगायच्या आणि ही लिहायची. पण आंधळेपणानं नाही. स्वतः बघितल्याशिवाय तिनं एक ओळ लिहिली नाही.

"आजी, ह्याला तुमच्याकडं काय म्हणतेत?"

"कुर्डू. कवळी असंल तर भाजी करत्यात."

तिच्या अक्षरात माझी पानं भरत गेली. कुर्डू, तरवड, कळलावी. चंडोल, वरून गात खाली येणारा. खाटीक पक्षी, काट्यावर टोळ टोचून ठेवणारा. लगबगीनं पळत मध्येच ताठ उभे राहणारे धाविक पक्षी. घोरपड. ससा, एक कान फाटलेला. त्याच्या पुढे 'दोष: डावा कान'. मी तिची थट्टा करत नाहीये. ती ब्रेकचा भाग तपासायची त्याच निष्ठेनं ससा तपासायची.

रविवारी माळावर सायकलवाल्यांचे थवे यायचे. पुनावळ्याचे, रावेतचे, रंगीत हेल्मेटं घातलेले. फुलांशी वाकून फोटो काढायचे, वर्षालीला नावं विचारायचे, "वा ताई, भारीच!" म्हणायचे आणि चहाला पुढे जायचे. त्यांचा मला तेव्हा राग नव्हता. आता आहे. का ते पुढे येईलच.

तिसऱ्या वर्षी थंडी सरताना तरवडाच्या झुडपाखाली बीळ दिसलं. मार्चात त्यातून तीन तोंडं बाहेर आली. खोकडाची पिल्लं. कोल्ह्याहून लहान, शेपटाचं टोक काळं. ती सकाळच्या उन्हात एकमेकांच्या अंगावर उड्या मारायची. वर्षाली रोज पाच मिनिटं लवकर निघायला लागली. लांब उभी राहायची, दोन ओळी लिहायची आणि शिफ्टला पळायची.

एका रविवारी ओव्हरटाइमला जाताना ती अशीच उभी होती. एक सायकलवाला थांबला. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात दुर्बीण, बोलणं मऊ.

"काय बघताय, ताई?"

"हळू बोला. खोकड हाय. पिल्लं बाहेर आलीत."

त्यानं महागडी सायकल सरळ मातीत आडवी टाकली आणि पोटावर झोपून बघितलं. किती वेळ बघत राहिला! उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. हे मी मुद्दाम सांगतेय. त्याला काही कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

त्याचं नाव मुकुंद. पिंपळे सौदागरला राहायचा. पर्यावरणाचे अहवाल लिहिणाऱ्या एका कंपनीत होता. या माळावर मोठी गोदामं व्हायची आहेत आणि त्याआधी इथले प्राणी-पक्षी नोंदवायचं काम आपल्याकडे आहे, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं मला पाहिलं, उघडलं आणि चाळत गेला.

"ताई, तीन वर्षांच्या नोंदी? रोजच्या? आम्ही चार दिवस येतो आणि जातो. ही वही मला पंधरा दिवस द्याल? अहवालात तुमचं नाव घालतो."

"नावाचं राहू द्या," ती म्हणाली. "पण सगळं लिहा. पिल्लांचं पण."

"लिहिणारच."

तिनं मला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर होते. दोन दिवस तो आणि त्याची बायको मृदुला मला वाचत होते. मृदुला शाळेत शिकवायची. फाटक्या कानाच्या सशाला ती हसली, चांगलं हसली. तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"मुकुंद, पार्टीला तारीख दिलीये आपण. तो माळ पडीक आहे. पडीकच लिही."

"सर, पण तिथे खोकडाची..."

"ठरलेल्या चार दिवसांत दिसली का?"

मुकुंदनं फोन ठेवला. एवढाच त्याचा विरोध, एका अर्ध्या वाक्याचा. मग त्यानं लॅपटॉप ओढला आणि माझ्या शेजारी बसून लिहिलं: कावळा, साळुंकी, चिमणी, भटकी कुत्री, उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत. मी तेव्हा उघडी होते. पिल्लांच्याच पानावर.

मृदुलानं त्याच्या खांद्यावरून वाचलं. "अरे, तू स्वतः पाहिलीस ना ती?"

"तो रविवार सर्व्हेत धरलेला नाही."

"मग त्या बाईची वही कशाला आणलीस?"

त्यानं लॅपटॉप बंद केला. मला मिटलं आणि खणात टाकलं. वीज बिलं, जुने चार्जर आणि मी. भंगारची गाडी परवडली असती. भंगारवाला निदान माझ्याशी खोटं बोलला नव्हता.

पंधरा दिवसांचा महिना झाला. वर्षाली फोन करायची. तो बाहेरगावी आहे म्हणायचा, मग मीटिंगमध्ये, मग फोन उचलेनासा झाला. इकडे, हे मला नंतर कळलं, ग्रामपंचायतीत गोदामांबद्दलच्या सुनावणीची नोटीस लागली आणि तानुबाईंनी तिला हाताला धरून तिथं नेलं. वर्षालीनं अहवालाचा मराठी गोषवारा उभ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती सायकलनं पिंपळे सौदागरला आली. वॉचमननं तिला गेटबाहेर ताटकळत ठेवलं. मुकुंद घरात होता. खाली आली मृदुला, मला पदराखाली झाकून.

"ही घ्या. मी पूर्ण वाचलीये," ती म्हणाली.

"मग तुम्ही साहेबांना बोलला नाहीत?"

मृदुलानं मान खाली घातली आणि लिफ्टकडे वळली. तिनं मला परत केलं म्हणून मी तिचे आभार मानावेत असं काहींना वाटेल. मी मानणार नाही.

सुनावणी गावच्या मैदानावर होती. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, बिसलेरीच्या बाटल्या. वर्षालीनं सायकलवाल्यांच्या सगळ्या ग्रुपांना निरोप दिला होता. एकही हेल्मेट आलं नाही. गुरुवार होता ना.

गावातल्या पोरांनी गोदामात नोकऱ्या मागितल्या, कुणी रस्ता मागितला. त्यांचं काही चुकलं नाही. मग वर्षाली उठली. युनिफॉर्मवरच आली होती.

"आपलं शिक्षण?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बारावी. कंपनीत क्वालिटीत हाय."

मागे दोघं-तिघं हसले. तिनं मला उघडलं आणि वाचायला लागली. तारीख, वेळ, नाव, नग. दहाव्या ओळीपर्यंत हसणारे गप्प झाले. ती वाचत राहिली. पिल्लांच्या पानावर आली तेव्हा अधिकाऱ्यांनी मुकुंदकडे वळून विचारलं, "हे रजिस्टर तुम्ही पाहिलं होतं का?"

"हो. पण ते अधिकृत नाही, सर."

अधिकृत नाही! माझ्या प्रत्येक ओळीला तारीख आहे, सही आहे. माझ्यातला एक पक्षी कुणाच्या फोनवरून बदललेला नाही.

"आणि हे खोकड?"

"सर्व्हेच्या काळात आढळलं नाही."

"त्या रविवारी?" वर्षालीनं विचारलं. "दादा, तुम्ही मातीत झोपून बघितलंत. रडलात. मी जवळ उभी होते."

मुकुंद लॅपटॉपकडे बघत राहिला.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्याकडं एखादा पार्ट न तपासता ओके लिहिला, तर त्याच दिवशी गेटबाहेर काढतेत. ह्यांनी अख्खा माळ न बघता ओके लिहिला." मग थांबली. "नाही, चुकलं माझं. बघून लिहिला."

तानुबाई जागेवरूनच ओरडल्या, "खोकडं हायती! माझ्या आज्यापासनं हायती! तुमी काल आला आन न्हाई म्हंता व्हय?"

अधिकाऱ्यांनी फेरसर्वेक्षणाचा आदेश दिला आणि मला पुरावा म्हणून जमा करून घ्यायला सांगितलं. वर्षालीनं मला लगेच सोडलं नाही. कारकुनानं दोनदा हात पुढे केला. "पोचपावती मिळेल, बाई," तो म्हणाला. तेव्हा कुठं तिची बोटं सुटली. मांडवातून जाताना तानुबाई तिच्या पाठीवर थाप मारत होत्या. आपण जिंकलो असं दोघींना वाटत होतं. मलाही वाटलं.

पुढचं मला वर्षालीच्या तोंडूनच कळलं. अकरा दिवसांनी ती मला जमा केलेल्या या सरकारी कार्यालयात आली आणि माझ्या कपाटासमोर उभी राहून कारकुनाला सांगत होती. सकाळी ती नेहमीसारखी कच्च्या रस्त्याला वळली, तर पुढे माळच नव्हता. दोन यंत्रं चालू होती. तरवड उपटून ढीग घातलेला, मुरूम सपाट. ड्रायव्हर म्हणाला, "साफसफाई आहे ताई, झुडपं काढायला सांगितलंय." तानुबाई यंत्रासमोर उभ्या राहून शिव्या देत होत्या. दोघा माणसांनी त्यांना धरून बाजूला बसवलं. वर्षालीनं सायकल टाकली आणि बिळाची जागा हातानं उकरली. तिची नखं अजून लाल मातीनं भरलेली होती.

"पिल्लं मोठी झाली असतील. पळाली असतील, बाई," कारकून समजुतीनं म्हणाला.

"असतील म्हणू नका," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं का?"

झाडं-झुडपं काढणं म्हणजे बांधकाम नव्हे, असं उत्तर तिला लेखी मिळालं. महिन्याभरानं फेरसर्वेक्षण झालं. अहवाल याच खोलीत वाचला गेला: वन्यजीव आढळले नाहीत. खाली सही मुकुंदचीच. या वेळी त्याला खोटं लिहायची गरज पडली नाही. लिहिलेलं खरं ठरेल अशी व्यवस्था आधीच झाली होती. यापेक्षा मोठी शिवी मला माणसाच्या भाषेत सापडत नाही.

वर्षाली मला न्यायला आली, तेव्हा मूळ प्रत देता येत नाही म्हणाले. नक्कल हवी तर अर्ज करा. तिनं अर्ज केला नाही. "आता हायवेनंच जाते," एवढं म्हणाली आणि गेली. ट्रेलरांच्या मधून, खाली मान घालून, कुठंही न थांबता. माळ गेला त्याचा मला राग आहेच. पण त्या बाईचं बघणं बंद पाडलंत, तो राग त्याहून मोठा आहे.

मी आज लोखंडी कपाटात आहे, खालून दुसऱ्या फळीवर, फडक्यात बांधलेली. वर धूळ, खाली वाळवी. तुमच्याकडे मी दया मागत नाही. रविवारी सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांनो, फुलांशी वाकून फोटो काढणाऱ्यांनो, एखाद्या गुरुवारी इकडे या. अर्ज करा, कपाट उघडायला लावा, मला टेबलावर ठेवून मोठ्यानं वाचा, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं. उद्या तिथं गोदामांच्या भिंती उभ्या राहतील आणि त्यांच्या सावलीत उभा राहून कुणी तरी म्हणेल, इथं कधी काहीच नव्हतं. त्याला माझ्याकडे पाठवा.