आली ती, पळव तिला!

मी बोलतोय. नाव विचाराल तर मला धड नाव नाही. रिमोटच्या तळाशी, डावीकडून तिसरा, कपाळावर पुढे तोंड केलेले दोन बाण असलेला तो मी. म्हणजे दोन बाण होते. दाबून दाबून एक पार पुसला गेला आणि दुसऱ्याचं नुसतं टोक उरलंय. कंपनीने माहितीपुस्तिकेत माझं काहीतरी भारदस्त नाव छापलंय म्हणतात, पण ती पुस्तिका कपाट डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली गेली, ती गेलीच. या घरात मला 'पळव' म्हणतात.

कारखान्यात रबराच्या एकाच पट्टीवर आम्ही चव्वेचाळीस भावंडं जन्मलो. कुणाच्या वाट्याला आकडे आले, कुणाच्या वाट्याला आवाज. चार भावंडं रंगीत निघाली. ती कशासाठी आहेत हे त्यांनाही अजून कळलेलं नाही. मला एकच काम मिळालं. टीव्हीखालच्या डब्यात साठवून ठेवलेला कार्यक्रम पुढे पळवायचा. माझा शेजारी तोच कार्यक्रम मागे नेतो. त्याला मी माघारराव म्हणून चिडवायचो. वर्षातून चार वेळा कोणी त्याला हात लावला तर लावला. माझ्यावर मात्र रोज संध्याकाळी अंगठा ठरलेला.

घरात माणसं तीनच. ताई बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसतात. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. त्यांना मी चष्मेवाले म्हणतो. आणि लेक कॉलेजात जाते. ताईंची एक मालिका आहे. ती लागते तेव्हा ताई खिडकीत 'ती गाडी गेली, आता पुढची' असं सांगत असतात, म्हणून डबा मालिका साठवून ठेवतो आणि घरी आल्यावर तिघं ती बघतात. लेकीला ती मालिका आवडत नाही. आवडत नाही हे ती रोज, संपूर्ण भाग बघून सांगते.

ताईंचा नियम साधा. "दिवसभर खिडकीत बसून लोकांचं ऐकते," त्या म्हणायच्या. "घरी येऊन पुन्हा साबणवाल्याचं कशाला ऐकू?" मग जाहिरात दिसली रे दिसली की ताई म्हणणार, "आली ती, पळव तिला!" आणि चष्मेवाल्यांचा अंगठा माझ्यावर पडणार. मी सोळापट वेगाने सुटायचो. साबण, गाड्या, दात दाखवणारी पोरं, सगळ्यांची धूळधाण. चष्मेवाल्यांचा हातही असा बसला होता की जाहिराती संपून मालिका सुरू होते नेमक्या त्याच क्षणी ते अंगठा उचलायचे. अर्ध्या तासाचा भाग एकवीस मिनिटांत हातावेगळा.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकूंनी एकदा भिंतीपलीकडून 'आली ती, पळव तिला' ऐकलं आणि त्या थेट दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुणाला पळवताय हो?" असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. लेकीने सोफ्यात तोंड खुपसलं. ताईंनी काकूंना आत बसवून एक जाहिरात पळवून दाखवली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडूनही 'पळव, पळव' ऐकू यायला लागलं.

एकूण काय, मी ऐटीत होतो. आणि त्याच ऐटीत माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडत होती. ती सांगायची तर मामांपासून सुरुवात करायला हवी.

मामा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, लेकीचा मामा. फ्रिज दुरुस्त करतात. हाताला यश आहे आणि जिभेला हाड नाही. सर्कशीतल्या हत्तीने आपल्याला सोंडेने पाना उचलून दिला, एका बड्या माणसाच्या फ्रिजमध्ये आपल्याला नुसत्या चपलाच सापडल्या, असल्या गोष्टी ते शपथेवर सांगतात. घरचे हसतात, मामाही हसतात. कुणाचं काही बिघडत नाही.

असे मामा एका रविवारी फळांची पिशवी घेऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, मी जाहिरातीत आलोय."

झालं होतं असं की जिथे जाहिराती बनवतात तिथला फ्रिज दुरुस्त करायला ते गेले होते. कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात चालली होती. मागे ओझं उचलणारा माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून मामांना उभं केलं. मामांनी खोकं उचललं आणि त्यांच्या कमरेत खरोखरच उसण भरली. "तिथले साहेब म्हणाले, काय अभिनय आहे! अभिनय कसला, मला सरळ होता येईना. दोनच सेकंद दिसतो, पण उसण अस्सल आहे. तुझ्याच मालिकेच्या तिसऱ्या ब्रेकमध्ये लागते."

मग त्या रविवारी सगळे आदल्या दिवशीचा भाग घेऊन बसले. शेजारच्या काकूही आल्या. चष्मेवाल्यांनी मोह नको म्हणून मला टेबलावर पालथं घातलं. तिन्ही ब्रेक, एकूण एक जाहिरात, सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली. साबण आला, गाडी आली, दात आले. मामा काही आले नाहीत. ती जाहिरात एक दिवसाआड लागायची, हे मामांना कुठे ठाऊक?

"काय मेहुणे," चष्मेवाले म्हणाले, "उसण उतरली वाटतं."

काकू हसल्या, लेक हसली. मामाही हसायच्या बेतात होते. तेवढ्यात ताई, ज्यांची सुट्टीची दुपार साबण बघण्यात गेली होती, म्हणाल्या, "पुरे झाल्या आता तुझ्या थापा. लोकांसमोर मला खाली बघायला लावतोस."

मामांचं हसू तिथेच थांबलं. "हत्तीची थाप होती, ताई," ते म्हणाले. "ही नव्हती." त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ताई फोन करायच्या तर "कामात आहे" एवढंच उत्तर. रविवारी ताई चार कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. मालिका बघताना लक्ष नसायचं. पण सवय ती सवय. जाहिरात आली की तोंडातून निघायचंच, "पळव तिला."

आणि मी पळवायचो. इथे माझी चोरी कबूल करतो. मंगळवारी, तिसऱ्या ब्रेकमध्ये, सोळापट वेगात मला काहीतरी ओळखीचं दिसलं. गुरुवारी पुन्हा दिसलं. मामाच होते. खोकं, वाकलेली पाठ, कमरेवर हात. घरच्यांच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत मी त्यांना पार करून जात होतो. एकदा नाही, एकोणीस वेळा. बटणाला थांबता येत नाही हे खरं. पण आपण खरं बोलणाऱ्या माणसाला दिवसाआड तुडवून पुढे जातोय हे कळल्यावर ऐट कसली आणि काय. माघाररावांनीही पाहिलं होतं, हे जास्त लागलं.

मग एके दिवशी आक्रीत घडलं. टीव्ही लावल्याबरोबर पडद्यावर भलामोठा मजकूर आला. तळाशी लिहिलं होतं, 'मान्य असल्यास ओके दाबा.' चष्मेवाल्यांनी ओके दाबलं. मजकूर वाचला नाही, कारण चष्मा दुकानात विसरला होता. दुसऱ्यांना दिसावं म्हणून जन्मभर काचा घासणारा माणूस स्वतः न वाचताच मान्य करून मोकळा झाला.

मालिका सुरू झाली. जाहिरात आली. "आली ती, पळव तिला!" अंगठा पडला. मी नेहमीसारखी उडी घेतली आणि कपाळ आपटलं. पडद्यावर अक्षरं आली : 'जाहिरातींदरम्यान ही सोय उपलब्ध नाही.'

त्यानंतर माझे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. चष्मेवाल्यांनी मला आधी हळू दाबलं, मग जोरात, मग दोन्ही अंगठ्यांनी. बॅटऱ्या काढून दोन्ही तळहातांत घोळवल्या. रिमोट मांडीवर आपटला. शेवटी आम्हा चव्वेचाळीस जणांना उघडं करून काचा पुसायच्या फडक्याने पुसलं. माझ्या बुडाखाली एक बिस्किटाचा कण निघाला. "हाच तो," असं म्हणून त्यांनी तो पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवला. तरीही अडायचं तिथे अडलंच.

मग कंपनीला फोन झाला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, नव्या नियमानुसार साठवलेल्या कार्यक्रमातल्या जाहिराती पुढे ढकलता येणार नाहीत."

"पण माझ्या घरात, माझ्या डब्यात, मी साठवलेल्या!"

"आपण अटी मान्य केल्या आहेत, सर."

"मी कधी केल्या?"

"आज सात वाजून चार मिनिटांनी, सर."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि ताईंकडे न बघता विचारलं, "माझा चष्मा कुठंय गं?"

घरावर सुतकी कळा पसरली. भाग पुन्हा अर्ध्या तासाचा झाला. पहिल्या दिवशी ताई जाहिराती लागल्या की टीव्हीकडे पाठ करून बसल्या, म्हणजे कंपनीला चांगली अद्दल घडेल. दुसऱ्या दिवशी त्या तशाच पाठमोऱ्या बसून धुतलेले कपडे घडी घालत होत्या. तिसरा ब्रेक सुरू झाला. साबण गेला, गाडी गेली. कुणीतरी मलमाचं गुणगान करायला लागलं, आणि त्याच्या मागून एक आवाज आला, "आई गं!"

ताईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. लहानपणी झाडावरून पडल्यावर, दार बोटावर बसल्यावर, गणिताचे मार्क कळल्यावर, असं 'आई गं' जगात एकच माणूस म्हणत आला होता. 'गं' असा लांबवायचा की आईनेच काहीतरी केलं असावं.

त्या वळेपर्यंत पडद्यावर दात आले होते.

"मागे घ्या," ताई म्हणाल्या.

"जाहिरात?" चष्मेवाल्यांना ऐकण्यात चूक झालीशी वाटली.

"मागे घ्या म्हणते ना!"

आणि तेव्हा कळलं की कंपनीने पुढे जायला बंदी केली होती, मागे जायला नाही. जाहिरात दुसऱ्यांदा बघणाऱ्याला कोण अडवतंय? माघाररावांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. अकरा वेळा मामांनी खोकं उचललं, अकरा वेळा त्यांची कंबर धरली. पहिल्यांदा तिघंही पोट धरून हसले. चौथ्यांदा लेक म्हणाली, "आई, मामा खरं बोलत होता." त्यानंतर हसणं थांबलं. ताई रडत होत्या आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मेवाल्यांचा घडी घातलेला सदरा घेतला होता.

त्यांनी फोन लावला.

"कामात आहे," मामा म्हणाले.

"तुझी उसण बघितली."

पलीकडे घुरघुरणारा फ्रिज मामांनी बंद केला.

"कुठली?"

"डावा हात कमरेवर आहे ती."

"उजवा होता."

"डावा. आत्ता अकरा वेळा बघितलाय. मला शिकवू नकोस." मग ताईंचा आवाज खाली आला. "चुकलं रे माझं. रविवारी ये. आपण सगळे मिळून बघू."

मामा "बघतो" म्हणाले. पण ज्या तऱ्हेने म्हणाले, त्यावरून ताईंनी चार कप आजच धुवून ठेवले.

आता गोष्ट इथे संपली असती तर मी आपला नियमाचे आभार मानून गप्प बसलो असतो. पण शनिवारी पुन्हा पडद्यावर मजकूर आला. घरोघरच्या अंगठ्यांनी तक्रारी केल्या होत्या म्हणे. 'ग्राहकांच्या आग्रहास्तव ही सोय पूर्ववत करण्यात येत आहे.' या खेपेला चष्मेवाल्यांनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला, दोनदा वाचला, आणि मगच ओके दाबलं. माझी बेडी सुटली.

रविवारी मामा आले. फळांची पिशवी होतीच. चेहरा अजून जरा घट्ट होता. सोफ्याच्या कडेला, लगेच उठता येईल असे बसले. काकू आल्या. तोच भाग लावला. मालिकेतली सून रडायला लागली तशा ताई म्हणाल्या, "ही आली, पळव हिला!" आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी मालिका पळवली. सून, सासू, कोर्ट, दवाखाना, सगळं सोळापट वेगाने. मामांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

तिसरा ब्रेक आला. अंगठा उचलला गेला. साबण गेला. गाडी आली. आणि मी पाहिलं, चष्मेवाले मामांना काहीतरी सांगण्यात रंगलेत, मान तिकडे वळलेली, आणि त्यांचा अंगठा, तो वर्षानुवर्षांचा सवयीचा अंगठा, गाडी दिसताच आपसूक माझ्याकडे निघालाय. पुढची जाहिरात मलमाची होती. मी सुटलो असतो तर मामांच्या डोळ्यांदेखत त्यांना पुन्हा तुडवून गेलो असतो, आणि या खेपेला ते चपला घालायलाही थांबले नसते.

अंगठा पडला. पूर्ण जोराने पडला.

मी हललो नाही.

कसं जमलं विचारू नका. रबराचा आहे मी. अंग चोरणं आम्हाला शिकवावं लागत नाही. रिमोटच्या कडेला अंग टेकवलं आणि श्वास धरून बसलो. अंगठ्याने दुसरा तडाखा दिला. माघारराव शेजारून म्हणाले, "शाब्बास." इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोलले, तो हा पहिलाच शब्द.

"आई गं!" पडद्यावरचे मामा कळवळले.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. लेकीने मामाच्या गळ्यात हात टाकले. ताईंनी पडद्याकडे बोट दाखवलं, "बघ, डावा." मामा स्वतःला पाहत होते. मग मागे टेकून, चांगले ऐसपैस बसले आणि म्हणाले, "काय सांगू ताई, ते खोकं उचलायला आधी हत्ती आणला होता. त्याला नाही जमलं."

कुणीही त्यांना थाप म्हटलं नाही. चहा मात्र लगेच आला.

चष्मेवाले मला उजेडात धरून निरखत होते. "बटण अडकलं वाटतं," ते म्हणाले. "आयुष्य संपलं असेल याचं."

संपलेलं नाही. आता म्हातारा झालोय, टोकही पुसत चाललंय, पण अजून दिवसाला नऊ मिनिटं वाचवून देतो. मामांची ती जाहिरात आली की मात्र दर वेळी अडकतो. तुमच्याही घरी कधी माझ्यासारखं एखादं बटण भलत्या ठिकाणी अडलं, तर लगेच आपटू नका. आधी पडद्यावर कोण आहे ते बघा.