पाटीवरचं तिसरं नाव

त्या दिवशी वेरोना हुडाकच्या बारमधल्या टेलिफोनला कुणी हात लावायचा नाही, असं सकाळीच ठरलं होतं. तरी दुपारी पाळी सुटून पोलाद कारखान्यातली माणसं आत आली आणि तो वाजायला लागला.

पहिल्यांदा वाजला तेव्हा सगळा बार चिडीचूप झाला. खिडकीजवळच्या टेबलावर आईवडिलांच्या मधे बसलेला अँडी टिमको उठला, पुन्हा बसला. एवढा सव्वासहा फूट उंच गडी, पण चेहरा पांढराफटक. वेरोनाने फोन उचलला.

"माझा नवरा आहे का तिथे?" पलीकडून एका बाईने विचारलं.

"आहे. जिवंत आहे. आज परत फोन केलास तर राहायचा नाही," असं म्हणून वेरोनाने फोन आपटला. सगळे हसले. अँडीची आई ॲग्नेस मात्र हसली नाही. तिने मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरली.

तेव्हा ड्राफ्ट टीव्हीवर दाखवत नसत. मे महिन्याच्या सुरुवातीला, आठवड्यातल्या कुठल्याशा साध्या वारी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्या टीमची माणसं जमायची आणि कॉलेज संपवणाऱ्या पोरांमधून पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायची. आधीच्या हंगामात सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला पहिला मान. आमची आयर्नमेन टीम त्या काळात भरपूर हरत असे, त्यामुळे आमच्या पोर्ट कॅलॉन गावात ड्राफ्ट हा ख्रिसमसच्या खालोखाल मोठा सण होता. रेडिओवाल्याला बातमी तारेवरून मिळायची. तो मधे गाणी लावायचा आणि गाणं तोडून नावं सांगायचा.

आणि वेरोनाच्या बारमध्ये पाटी असायची. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोरं रिवाजाप्रमाणे पोरींच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतून झाली, सगळे ओलेचिंब होऊन बारमध्ये शिरले, की वेरोना त्यांच्यादेखत खडूने पाटीवर लिहायची, यंदा आपली टीम पहिल्या तीन फेऱ्यांत कुणाला घेणार. ड्राफ्ट संपेपर्यंत पाटीला फडकं लावायचं नाही हा नियम तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा. चुकली तर तिने सगळ्यांना बिअर पाजायची. नवरा गेल्यावर तिच्यावर अशी पाजायची वेळ फारशी आली नव्हती. वर्तमानपत्रवाले आकडे बघायचे, कोण किती वेगाने धावतो आणि किती वजन उचलतो. वेरोना टीम चालवणाऱ्या म्हाताऱ्या हॅलोरनला ओळखायची. प्रत्यक्षात ती त्याला कधीच भेटली नव्हती. पण वीस वर्षं एखाद्या माणसाच्या निवडी बघितल्या की त्याच्या बायकोपेक्षाही आपल्याला तो जास्त कळायला लागतो, असं ती म्हणायची.

यंदा पाटीवरचं तिसरं नाव होतं अँडी टिमको.

अँडी तिचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातात धरला होता, आणि तेव्हाच तो इतका जड होता की पाद्रीबाबा म्हणाले होते, बाई, वासरू आणलंत का? लहानशा कॉलेजात तो सेंटर खेळला. चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या राक्षसाला छातीने अडवायचं, असं ते काम. त्यात नाव होत नाही. दाखवायला नुसती मोडलेली बोटं उरतात.

त्याला हॅमिल्टनहून बोलावणं आलं होतं. सरोवराच्या पलीकडे, कॅनडातली टीम. पगार फार नव्हता, पण दोन वर्षांचा पक्का करार होता. ईस्टरनंतर अँडी वेरोनाकडे येऊन म्हणाला होता, "तेता, तू सांग. जाऊ?"

तेता म्हणजे मावशी. पण अँडी ते असं म्हणायचा की वेरोनाला वाटायचं, जगात एकच तेता आहे.

"थांब," ती म्हणाली होती. "तिसऱ्या फेरीत आपलेच घेतील तुला."

हॅमिल्टनच्या मिस्टर मॅकरेंनी ड्राफ्टच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत वाट बघायचं कबूल केलं. सहानंतर ती जागा दुसऱ्याची. आणि इकडे कारखान्यात नवी भरती बंद झाली होती, उलट जुन्यांनाच घरी पाठवायला लागले होते. दोन्हीकडून हुकला असता तर अँडीला घरी बसलेल्या बापाबरोबर खिडकीत बसून सरोवराकडे बघत राहण्याशिवाय काम नव्हतं.

टिमकोंच्या घरची टेलिफोनची तार शेजारच्या मिसेस बोबाकबरोबर सामाईक होती. मिसेस बोबाक एकदा बहिणीशी बोलायला लागली की चुलीवरचं सूप आटून जाई. म्हणून अँडीने आयर्नमेनला बारचा नंबर दिला होता.

पहिल्या फेरीत पाटीवरचं पहिलंच नाव रेडिओवर आलं. बारने टेबलं बडवली. अँडीचा बाप स्टीव्ह खोकत खोकत ओरडला, "बघितलंत! ही बाई व्हॅटिकनमध्ये पाहिजे होती!"

"तिथे बिअर कोण देणार?" कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या फेरीला गाणं अर्ध्यात तुटलं. पाटीवर एका कॉर्नरबॅकचं, म्हणजे मागच्या बचावातल्या गड्याचं नाव होतं. रेडिओवाला म्हणाला, "आयर्नमेन घेत आहेत, टेक्ससचा सेंटर..."

पुढचं नाव कुणी ऐकलं नाही.

"सेंटर?" स्टीव्ह म्हणाला. "सेंटर कशाला घेतला?"

"दोन लागतात, स्टीव्ह," बारच्या टोकाला बसलेला योलो म्हणाला. "एक मोडला तर दुसरा. आणि तुझ्या पोराला गार्डला खेळवतील. काय फरक आहे, एक पाऊल उजवीकडे!"

"हो, बरोबर," ॲग्नेस घाईघाईने म्हणाली. "गार्डला. होय ना वेरोना?"

वेरोना ग्लास पुसत होती. तिला माहीत होतं की हॅलोरनने एकाच वर्षी पहिल्या पाच फेऱ्यांत सेंटर-गार्डसारखे आघाडीचे दोन गडी कधीच घेतले नव्हते. म्हणजे आता ते अँडीला घेणार नव्हते. मग त्यांना सेंटर आधीच हवा आहे, हे तिला ईस्टरला कसं दिसलं नाही?

ग्लास पुसता पुसता तिला मार्चमधली ती दुपार आठवली. आयर्नमेनचा माणूस, प्रुइट नावाचा, बारमध्ये आला होता. अंगात टीमचं जॅकेट, पाठीवर हातभर ऐरणीचं चित्र. काउंटरवर बसून त्याने दोन ताटल्या हालुश्की, म्हणजे कोबी घातलेल्या शेवया, खाल्ल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अँडीची चौकशी केली. पोरगा पितो का? चर्चला जातो का? गुडघा कसा आहे? वर म्हणाला, "बाई, तुमच्या पाटीची गोष्ट आमच्या ऑफिसातही पोचली आहे हं." त्या एका वाक्यावर वेरोना आठवडाभर तरंगत होती.

आणि तीच वेरोना वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती की जॅकेट घालून येतो तो दिसायला येतो. टीमला खरंच हवा असलेला पोरगा बघायला माणूस जुन्या कोटात येतो, मागच्या बाकावर बसतो, कुणाशी बोलत नाही. जॅकेटवाला येतो तो दुसऱ्या टीमना हूल द्यायला. आम्ही तिसऱ्या फेरीपर्यंत सेंटरला हात लावत नाही, तुम्ही निवांत राहा, हे सांगायला. अशी हूल तिने दहा वेळा ओळखली होती. फक्त तिच्याच काउंटरवर बसून, तिच्याच हालुश्कीची तारीफ करत दिली, तेव्हा ओळखली नाही.

तिने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजायला थोडाच वेळ होता. रेडिओवर तिसरी फेरी सुरू झाली होती. आयर्नमेनची पाळी तीन टीम सोडून होती.

"अँडी," ती म्हणाली, "हॅमिल्टनला फोन लाव."

कुणाला कळेना ती थट्टा करते आहे की काय.

"आत्ता?" ॲग्नेस उभी राहिली. "आत्ता, वेरोना? आपली पाळी आली की! त्यांनी फोन केला आणि लाइन लागली नाही तर?"

"ते फोन करणार नाहीत."

"तू तर लिहिलंयस!" तिने पाटीकडे बोट केलं. "महिनाभर सगळं गाव मला मिठ्या मारतंय. पाद्रीबाबांनी चर्चच्या प्रार्थनेत नाव घेतलं. सगळं तुझ्या शब्दावर!"

"माझा शब्द चुकला, ॲग्नेस. मला तो पोरगा इथे हवा होता. म्हणून मला तसं दिसलं."

रेडिओवर एक नाव आलं. दुसऱ्याच टीमचं. आता दोन टीम उरल्या.

स्टीव्ह हळू आवाजात बोलला, आणि तो ओरडला असता तरी बरं वाटलं असतं. "दोन टीम, वेरोना. दहा मिनिटं. एवढी वर्षं तुझं बरोबर येतं आणि आज दहा मिनिटं तुला धीर धरवत नाही?"

"दहा मिनिटांत सहा वाजतील, स्टीव्ह. मॅकरे थांबणार नाही."

अँडी आईकडे बघत होता, बापाकडे बघत होता. मग त्याने वेरोनाकडे पाहिलं. "तेता, खात्री आहे?"

खात्री? खात्री तर तिला ईस्टरलाही होती. तिला वाटलं, या पोराच्या डोळ्याला डोळा देऊन मी पुन्हा खात्री कुठल्या तोंडाने सांगू? तिने काउंटरवरचं ओलं फडकं उचललं, पाटीपाशी गेली आणि तिसरं नाव पुसून टाकलं.

ड्राफ्ट चालू असताना त्या पाटीला फडकं लागलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. योलोने टोपी काढली, जणू कुणी गेलंच.

"तू माझ्या पोराचं नाव पुसलंस," स्टीव्ह म्हणाला.

अँडी फोनपाशी गेला. कॅनडाला लावायचा म्हणजे आधी ऑपरेटर, मग दुसरी ऑपरेटर. तो नंबर सांगताना दोनदा चुकला.  आता आयर्नमेनचा फोन आलाच तर त्यांना लाइन व्यस्त लागणार होती, हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात होतं. ते वेरोनाच्याही मनात होतं. तिने काउंटरची कड धरून ठेवली होती.

"मिस्टर मॅकरे? मी अँडी टिमको. हो, सर. नाही, अजून नाही. सर, मी येतो."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. रेडिओवर गाणं तुटलं.

"आता आयर्नमेनची पाळी. थांबा, अजून नाव आलेलं नाही..."

"हो सर," अँडी म्हणत होता. "सोमवारी. हो, माझ्याकडे कोट आहे."

त्याने फोन ठेवला आणि फोनकडे बघत उभा राहिला. सगळेच त्याच्याकडे बघत होते. फोन वाजला नाही. रेडिओवाल्याने घसा साफ केला आणि ओरेगनच्या एका किकरचं नाव वाचलं.

"किकर?" योलो ओरडला. "तिसऱ्या फेरीत नुसता चेंडूला लाथ मारणारा? अरे हॅलोरनला उचलून सरोवरात टाका!"

बारमध्ये एकच गोंधळ उडाला. ग्लास आपटले, शिव्या सुटल्या, कुणी पोलिशमध्ये, कुणी स्लोव्हाकमध्ये. त्या गोंधळात कुणीही वेरोनाला म्हणालं नाही की तुझं बरोबर आलं. ॲग्नेसने पर्स उचलली आणि नवऱ्याचा दंड धरून ती बाहेर पडली. अँडी जाताना फक्त एवढं म्हणाला, "तेता, तिथे थंडी फार असते का?" उत्तराला थांबला नाही.

वेरोनाने ठरल्याप्रमाणे सगळ्यांना बिअर पाजली.

दुसऱ्या दिवशी ड्राफ्टच्या उरलेल्या फेऱ्या होत्या. त्या कुणी ऐकत नसे. पण वेरोनाने सकाळी बार उघडायच्या आधीच रेडिओ लावला. अजूनही अँडीचं नाव येऊ शकत होतं. आठवी फेरी, दहावी फेरी. खालच्या फेरीत घेतलेल्या पोरांना टीम ऑगस्टपर्यंत पळवते आणि मग घरी पाठवते, हे तिला ठाऊक होतं. तरी नाव आलं असतं तर ॲग्नेसने जन्मभर तेच म्हटलं असतं: घेतला असता, आपल्याच टीमने घेतला असता. रेडिओवाला "आयर्नमेन" म्हणाला की वेरोनाचा हात जिथल्या तिथे थांबायचा. महिनाभर जे नाव ऐकायला ती आसुसली होती, ते आज येऊ नये म्हणून ती देवाला विनवत होती. आणि प्रत्येक वेळी ते आलं नाही की तिला त्यांचा रागही यायचा. इतका कसा नकोसा झाला तो त्यांना? बाराव्या फेरीतसुद्धा?

शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा दुपार कलली होती. तिने रेडिओ बंद केला.

दार उघडलं. ॲग्नेस आत आली, डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले. काउंटरसमोर उभी राहिली. बसली नाही.

"ऐकलंस सगळं?"

"सगळं."

"बाराच्या बारा फेऱ्या?"

"हो."

"नव्हतं?"

"नव्हतं," वेरोना म्हणाली.

 ॲग्नेसने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि रुमालाची गाठ सोडली.

"गाढव आहेत," ती म्हणाली. "कॉफी दे. आणि मला सांग, तिकडे त्याला धुणंबिणं करून देणारं कुणी मिळेल का?"